इमारत आपली, पण जमीन कोणाच्या नावावर?
गृहनिर्माण संस्थेचे अभिहस्तांतरण आणि हक्काची साखळी

तीस-पस्तीस वर्षे एकाच सदनिकेत राहिलेल्या कुटुंबाला 'हे घर कोणाचे?' असे विचारले, तर घरातील ज्येष्ठ मंडळी कपाटातून करारनामा, सोसायटीचे भाग प्रमाणपत्र आणि घरपट्टीच्या पावत्या काढून समोर ठेवतात. उत्तर बिनचूक असते. परंतु 'ही इमारत ज्या जमिनीवर उभी आहे, ती जमीन कोणाची?' असा दुसरा प्रश्न केला की घरात क्षणभर शांतता पसरते. सातबाराचा उतारा काढून पाहावा, तर त्यावर सोसायटीचे नाव नसते. कोठे मूळ जमीनमालकाचे, कोठे त्याच्या दिवंगत वडिलांचे, तर कोठे केव्हाच गाशा गुंडाळून गेलेल्या बिल्डरचे नाव दिसते.

हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांना दोन्ही बाजूंनी स्पर्श करतो. वसई तालुक्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्या वाड्या आणि शेते इमारतींसाठी दिली. मुंबईतील जागा अपुरी पडल्याने इकडे आलेल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच इमारतींत सदनिका घेतल्या. जमीन देणारे आणि घर घेणारे, दोघेही रविवारी एकाच मंदिरात शेजारी बसतात. आज त्या इमारती जुन्या झाल्या आहेत, पुनर्विकासाची भाषा सुरू झाली आहे, आणि हक्काचा पुरावा मागितला जाऊ लागला आहे. म्हणून अभिहस्तांतरण, म्हणजे बोलीभाषेत ज्याला आपण कन्व्हेयन्स म्हणतो, ते काय आहे आणि त्यासाठी जमिनीवरील हक्क कसा सिद्ध करावा लागतो, हे समजावून घेणे अगत्याचे आहे.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात १९६३ साली मालकी सदनिकांसंबंधीचा कायदा झाला. 'मोफा' या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो. या कायद्याच्या कलम ३ नुसार सदनिका विकणाऱ्या बिल्डरने जमिनीवरील आपल्या हक्काची पूर्ण व खरी माहिती ग्राहकाला देणे आणि तो हक्क वकिलाकडून प्रमाणित करून घेणे बंधनकारक आहे. कलम १० नुसार त्याने सदनिकाधारकांची संस्था स्थापन करून द्यायची, आणि कलम ११ नुसार जमीन व इमारत यांतील आपला हक्क त्या संस्थेच्या नावे करून द्यायचा. करारात मुदत ठरलेली नसेल, तर संस्थेची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत हे काम व्हावे, असे नियम सांगतात.

कलम ११ मधील एक शब्दप्रयोग लक्षात घेण्यासारखा आहे. बिल्डरने प्रथम आपला हक्क 'पूर्ण' करून घ्यावा आणि मग तो संस्थेला द्यावा, असे तेथे अभिप्रेत आहे. म्हणजे जमीनमालकाकडून केवळ विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र घेऊन इमारत उभारली असेल, तर उरलेले काम पूर्ण करण्याची जबाबदारीही बिल्डरचीच होती. परंतु सदनिका विकल्या गेल्या, शेवटचा हप्ता हाती आला की अनेकांना या जबाबदारीचा विसर पडला. उरलेल्या चटई क्षेत्राचा लाभ पुढेमागे आपल्यालाच मिळावा, हा हेतूही काहींच्या मनात असतो.

कायद्याचे उल्लंघन करणाऱ्या बिल्डरला शिक्षेची तरतूद मूळ कायद्यातच होती. परंतु बिल्डरला शिक्षा झाली म्हणून सोसायटीचे नाव सातबाऱ्यावर चढत नाही. हा पेच सोडविण्यासाठी २००८ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि 'मानीव अभिहस्तांतरण' हा मार्ग खुला झाला. त्यासंबंधीचे नियम २०१० साली आले. बिल्डर किंवा जमीनमालक सही करीत नसेल, सापडत नसेल किंवा हयात नसेल, तरी संस्था सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते. हे प्राधिकारी म्हणजे जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था. दुसऱ्या पक्षाला नोटीस देऊन, सुनावणी घेऊन ते निर्णय देतात. त्यासाठी कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. अर्ज मंजूर झाला की प्रमाणपत्र मिळते, आणि त्याच्या आधारे बिल्डरच्या सहीवाचून दस्त नोंदविला जातो.

२०१६ च्या रेरा कायद्याखालील नव्या प्रकल्पांना अभिहस्तांतरणाच्या स्वतंत्र मुदती आहेत. या लेखात आपण त्यापूर्वीच्या जुन्या इमारतींचा विचार करीत आहोत.

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे मालकी सिद्ध झाली का?

या ठिकाणी एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. पुष्कळ सोसायट्यांना वाटते की मानीव अभिहस्तांतरणाचा आदेश हाती आला म्हणजे जमिनीच्या मालकीचा वाद कायमचा मिटला. तसे नाही. उपनिबंधक हे दिवाणी न्यायालय नव्हेत. करारानुसार बिल्डरवर जी जबाबदारी होती, ती त्याने पार पाडली की नाही, एवढेच ते संक्षिप्त चौकशीत पाहतात. मूळ मालकीचा खोल वाद ते निकालात काढू शकत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने हे पूर्वीच स्पष्ट केले होते, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही असा निर्वाळा दिला की या चौकशीतील निष्कर्ष दिवाणी न्यायालयाला बांधून ठेवीत नाहीत. ज्याला आपला हक्क डावलला गेला असे वाटते, तो दिवाणी दावा करू शकतो.

दुसरी गोष्ट याहून साधी आहे. बिल्डरजवळ जेवढा हक्क होता, तेवढाच संस्थेला मिळतो. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? मूळ जमीनमालकाच्या तीन बहिणींचे हिस्से बिल्डरला कधी मिळालेच नसतील, तर ते बिल्डरकडून सोसायटीला मिळणार नाहीत.

तेव्हा आदेश मिळवणे हे अर्धे काम झाले. तो आदेश ज्या कागदांवर उभा राहतो, त्या कागदांची साखळी अखंड असणे हे उरलेले अर्धे काम होय. भविष्यात पुनर्विकासाच्या वेळी बँक, महानगरपालिका आणि नवा विकासक हे सर्व जण नेमकी हीच साखळी तपासतात.

साखळीची पहिली बाजू : जमीन

जमिनीच्या हक्काची साखळी म्हणजे मूळ मालकापासून आजपर्यंत तो हक्क कोणाकडून कोणाकडे व कोणत्या कागदाने गेला, याची सलग मांडणी. ती पुढील क्रमाने जुळवावी.

१. घरातील सर्वांत जुना करारनामा. शोधाचा आरंभ सरकारी कचेरीत नव्हे, तर आपल्याच कपाटात करावा. बिल्डरकडून थेट सदनिका घेणाऱ्या पहिल्या ग्राहकांच्या करारनाम्याला बहुधा वकिलाचे हक्क प्रमाणपत्र, सातबाराची प्रत आणि मंजूर नकाशा जोडलेला असतो. करारनाम्याच्या आरंभीच्या परिच्छेदांत जमीन कोणाकडून कशी आली याचा वृत्तान्त असतो. तो काळजीपूर्वक वाचून त्यातील प्रत्येक दस्ताची तारीख आणि नोंदणी क्रमांक एका वहीत उतरवून घ्यावा.

२. सातबारा आणि फेरफार. आजचा सातबारा केवळ आजची स्थिती सांगतो. त्यावरील फेरफार क्रमांकांवरून मागे मागे जात प्रत्येक फेरफाराची प्रमाणित नक्कल घ्यावी. सर्व्हे क्रमांक व हिस्सा क्रमांक बदललेले असल्यास जुन्या-नव्या क्रमांकांचा मेळ घालावा. नगर भूमापन झालेल्या भागात सातबाराऐवजी मालमत्ता पत्रक पाहावे.

येथे एक सावधगिरीची सूचना. फेरफार म्हणजे मालकी नव्हे. महसूल दप्तरातील नोंद ही मुख्यतः सारा कोणी भरायचा यासाठी असते. कायदा तिला, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खरी मानतो. परंतु केवळ नावाची नोंद झाली म्हणून कोणाला हक्क मिळत नाही आणि नाव गळले म्हणून कोणाचा हक्क बुडत नाही.

३. नोंदणीकृत दस्त. जमिनीची मालकी विक्रीने जाते ती नोंदणीकृत खरेदीखताने. विकसन करारनामा आणि कुलमुखत्यारपत्र यांनी बांधकामाचे व विक्रीचे अधिकार मिळू शकतात, पण ते खरेदीखताची जागा घेऊ शकत नाहीत. कुलमुखत्यारपत्राच्या आधारे होणाऱ्या तथाकथित विक्रीने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ठामपणे सांगितले. म्हणूनच मानीव अभिहस्तांतरणाच्या अर्जात बिल्डरबरोबर मूळ जमीनमालकांना किंवा त्यांच्या वारसांनाही पक्षकार करणे आवश्यक असते.

४. तीस वर्षांचा शोध अहवाल. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातील सूची तपासून वकील हा अहवाल तयार करतात. जमीन कोठे गहाण आहे काय, दुसऱ्या कोणाला विकली गेली आहे काय, हे त्यातून कळते. जमिनीवर न्यायालयात दावा चालू आहे काय, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते.

५. जमिनीचा प्रकार. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग १' आहे की 'वर्ग २', हे आवर्जून पाहावे. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनींच्या हस्तांतरणावर कायद्याची बंधने असतात. आपल्या भागात १९४८ च्या कुळकायद्याने अनेकांना जमिनी मिळाल्या, त्यामुळे हा मुद्दा येथे वारंवार उद्भवतो. जमीन मूळची आदिवासी बांधवाची असेल, तर ती बिगर-आदिवासीकडे जाण्यासाठी जमीन महसूल संहितेनुसार पूर्वपरवानगी लागते. अशी परवानगी नसेल तर तो दोष अभिहस्तांतरणाने धुऊन निघत नाही. आणि एका गरीब कुटुंबावरील अन्याय कागदांच्या गठ्ठ्याखाली झाकला जावा, अशी आपली इच्छाही असू नये.

६. नकाशा आणि क्षेत्रफळ. किती जमीन सोसायटीला मिळायची, हे मंजूर नकाशावरून ठरते. एकाच भूखंडावर अनेक इमारती असतील, तर प्रत्येक संस्थेचा वाटा वास्तुविशारदाच्या प्रमाणपत्राने दाखवावा लागतो. आपल्या परिसरात नियोजनाचे अधिकार वेळोवेळी बदलले आहेत. १९९० पासून बरीच वर्षे सिडको हे नियोजन प्राधिकरण होते, तर वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ साली अस्तित्वात आली. त्यामुळे जुना नकाशा कोणत्या कार्यालयात असेल, हे परवानगीच्या तारखेवरून ओळखावे. तसेच १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण होण्यापूर्वी आपला तालुका ठाणे जिल्ह्यात होता, हेही जुन्या दप्तरांचा शोध घेताना विसरू नये. बिल्डर नकाशा देत नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करून त्याची प्रत मागता येते.

भोगवटा प्रमाणपत्र नसल्यामुळे अनेक सोसायट्या हताश होतात. २०१८ साली शासनाने अर्जासोबतच्या कागदपत्रांची यादी आटोपशीर केली आणि भोगवटा प्रमाणपत्र नसल्यास संस्थेने स्वयंघोषणापत्र द्यावे, अशी सोय केली. मात्र त्यामुळे अनधिकृत बांधकाम अधिकृत होत नाही, हे ध्यानी असू द्यावे.

ख्रिस्ती वारसा आणि विसरलेल्या बहिणी

साखळी सर्वांत अधिक वेळा तुटते ती वारसाच्या कडीपाशी. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

ख्रिस्ती व्यक्ती मृत्युपत्र न करता निधन पावली, तर तिच्या मालमत्तेची विभागणी १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार होते. पत्नी आणि मुले मागे राहिली असतील, तर पत्नीला एकतृतीयांश आणि सर्व मुलांना मिळून दोनतृतीयांश हिस्सा मिळतो. मुलगा आणि मुलगी यांत कायदा भेद करीत नाही. मुलगी विवाहित आहे की अविवाहित, याचाही प्रश्न येत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका शेतकऱ्याने १९८४ साली आपली वाडी विकसनासाठी दिली आणि बिल्डरला कुलमुखत्यारपत्र लिहून दिले. खरेदीखत मात्र झाले नाही. १९९१ साली तो निवर्तला. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. कायद्याने पत्नीचा हिस्सा पंधरापैकी पाच, आणि पाच मुलांपैकी प्रत्येकाचा पंधरापैकी दोन. परंतु तलाठ्याकडे वारस नोंद करताना, मुली सासरी गेल्या म्हणून, केवळ आई व दोन मुलगे यांचीच नावे लागली. पुढे बिल्डरने त्या तिघांच्या सह्या घेऊन खरेदीखत केले. वरकरणी सारे नीट झाले. प्रत्यक्षात तीन बहिणींचे मिळून पंधरापैकी सहा, म्हणजे दोनपंचमांश हिस्से त्या खरेदीखताच्या बाहेर राहिले. इमारतीतील चाळीस कुटुंबांना याचा पत्ताही नाही.

'आमच्या बहिणींनी हक्क सोडला आहे' असे भाऊ सांगतात, आणि ते प्रामाणिकपणे सांगत असतील. परंतु स्थावर मालमत्तेतील हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. लग्नाच्या वेळचे तोंडी बोलणे किंवा साध्या कागदावरील सही पुरेशी नसते. शिवाय, कुलमुखत्यारपत्र देणारा निधन पावला की ते पत्र सर्वसाधारणपणे संपुष्टात येते. ज्यात मुखत्याराचाच आर्थिक हितसंबंध गुंतलेला असतो, ते पत्र याला अपवाद असू शकते. पण ते पत्र तसे आहे काय, हे वाचून वकिलानेच ठरवावे.

मग अशा वेळी मार्ग कोणता? हयातीत केलेला विकसन करार वारसांवरही सामान्यतः बंधनकारक असतो. तेव्हा सर्व वारसांना, बहिणींसह, अर्जात पक्षकार करावे, त्यांना रीतसर नोटीस जावी, आणि शक्य असेल तेथे त्यांच्याकडून संमतिपत्र किंवा पुष्टीपत्र नोंदवून घ्यावे. मूळ मोबदल्यात त्यांना काही मिळाले नसेल, तर त्यांचा प्रश्न त्यांच्या भावंडांशी आणि बिल्डरशी आहे. सोसायटीतील कुटुंबांनी त्यांना शत्रू समजू नये. त्यांना टाळून केलेले काम पाच-दहा वर्षांनी न्यायालयात उघडे पडते. तेव्हा वाद अधिक कडवट झालेला असतो आणि इमारत अधिक जीर्ण.

साखळीची दुसरी बाजू : सदनिका

जमिनीच्या हक्काची चर्चा करताना सोसायट्या आपल्याच सभासदांची कागदपत्रे तपासायला विसरतात. वस्तुतः संस्था अर्ज करते ती सदनिकाधारकांच्या वतीने. म्हणून ते सदनिकाधारक खरोखर कोण आहेत, हेही दाखवावे लागते.

ही अडचण काही आपल्याच देशातील नाही. आपले जे बांधव इंग्लंडमध्ये स्थायिक झाले आहेत, त्यांना तेथील पद्धत ठाऊक असेल. तेथे सदनिका बहुधा दीर्घ भाडेपट्ट्याने घेतलेली असते आणि जमिनीची मालकी दुसऱ्याकडे असते. १९९३ च्या एका कायद्याने तेथील पट्टाधारकांना एकत्र येऊन मोबदला देऊन इमारतीची मालकी विकत घेण्याचा अधिकार दिला. परंतु त्यांची सूचना मिळाल्यापासून एकवीस दिवसांच्या आत मालक कोणाही सहभागी पट्टाधारकाच्या हक्काचा पुरावा मागू शकतो, आणि तो पुढील एकवीस दिवसांत द्यावा लागतो. पुरावा न मिळालेल्यांना वगळल्यावर आवश्यक संख्या उरत नसेल, तर सर्वांची सूचनाच मागे घेतल्याचे मानले जाते. एका शेजाऱ्याच्या हरवलेल्या कागदामुळे साऱ्या इमारतीचे काम अडू शकते, ते असे.

आपल्याकडील रीत वेगळी असली, तरी धडा तोच आहे. प्रत्येक सभासदाने आपला नोंदणीकृत करारनामा, त्याची सूची क्रमांक २ आणि मुद्रांक शुल्क भरल्याचा पुरावा तपासावा. सदनिका पुनर्विक्रीने घेतली असेल, तर पहिल्या ग्राहकापासूनचे सर्व करारनामे जवळ असावेत. मुद्रांकाचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. सभासदांनी आपापल्या करारनाम्यांवर भरलेले शुल्क अभिहस्तांतरणाच्या दस्तावरील शुल्कातून वजा धरले जाते. ज्यांनी ते भरलेले नाही, त्यांच्यापुरती रक्कम आता भरावी लागते. दस्ताचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी पाठवून नेमकी रक्कम ठरवून घेतली जाते.

सभासद निवर्तला असेल, तर वारसांनी हलगर्जी करू नये. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. सहकारी संस्थांच्या कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार नामनिर्देशित व्यक्ती ही तात्पुरती सभासद असते. अंतिम हक्क वारसांचा. येथेही बहिणींना विसरू नये, हे वेगळे सांगायला नको.

अर्ज करताना

अर्ज विहित नमुना ७ मध्ये करायचा असतो. त्यापूर्वी सर्वसाधारण सभेत ठराव करावा आणि बिल्डरला व जमीनमालकांना अभिहस्तांतरण करून देण्याविषयी लेखी सूचना द्यावी. त्यांच्यापैकी कोणी स्वेच्छेने सही करायला तयार असेल, तर त्यासारखे उत्तम नाही. स्वखुशीने केलेल्या दस्तात हक्काविषयीची हमी मागून घेता येते, ती एकतर्फी दस्तात मिळत नाही.

कागदपत्रे गोळा करण्याचे काम तीन-चार सभासदांची समिती नेमून करावे. मूळ कागद कोणाही मध्यस्थाच्या हाती देऊ नयेत. प्रमाणित नकला द्याव्यात आणि पोच घ्यावी. 'सर्व काही करून देतो' असे सांगून एकरकमी पैसे मागणाऱ्यापासून सावध राहावे. अर्जाचे काम कोणाकडेही सोपवले, तरी जमिनीच्या हक्काविषयीचे मत जाणत्या वकिलाकडून स्वतंत्रपणे आणि लेखी घ्यावे.

दस्त नोंदला गेला, की तेथेच थांबू नये. सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर संस्थेचे नाव लावण्यासाठी फेरफाराचा अर्ज करावा आणि नोंद प्रमाणित होईपर्यंत पाठपुरावा करावा. दस्त कपाटात आणि सातबाऱ्यावर जुनेच नाव, अशी स्थिती राहिली तर दुसऱ्या कोणाशी त्याच जमिनीचा व्यवहार होण्याचा धोका टळत नाही.

आज का?

याचे उत्तर एका वाक्यात देता येईल : साक्षीदार म्हातारे होत आहेत. १९८० च्या दशकात सह्या करणारे जमीनमालक आज ऐंशीच्या घरात आहेत. जमीन कोणी, कधी, कोणत्या बोलीवर दिली, हे त्यांना आठवते. त्यांच्या नातवंडांना आठवणार नाही. आज पाच सह्यांनी होणारे काम दहा वर्षांनी पंचवीस सह्यांचे होईल, आणि त्यांतील काही सह्या परदेशातून मागवाव्या लागतील.

जमीन दिलेल्या कुटुंबांनाही एक विनंती. ज्या जमिनीचा मोबदला आपल्या वाडवडिलांनी घेतला, तिच्यावर आपले नाव चुकून राहिले आहे म्हणून नव्याने पैसे मागणे योग्य नव्हे. आणि मोबदला खरोखरच मिळाला नसेल, तर गप्प न बसता योग्य ठिकाणी तो पुराव्यानिशी मागणे हाही आपला हक्क आहे. दोन्ही पक्षांनी एकदा समोरासमोर बसून जुने कागद मेजावर मांडले, तर कित्येक प्रकरणे सुनावणीपर्यंत जाणारच नाहीत.

पवित्र शास्त्रात यिर्मया संदेष्ट्याने शेत विकत घेतल्याचा वृत्तान्त आहे. यरुशलेमला शत्रूचा वेढा पडलेला असताना त्याने चुलतभावाचे शेत सतरा शेकेल रुपे तोलून देऊन घेतले, साक्षीदारांसमक्ष खरेदीखत लिहिले, आणि त्याच्या मोहरबंद व उघड्या अशा दोन्ही प्रती पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवविल्या. शहर पडण्याच्या बेतात असतानाही त्याने कागद नीट केला, कारण पुढे येणाऱ्या पिढ्या त्या भूमीत राहतील, अशी त्याची श्रद्धा होती. आपल्यापुढे तर इतका बिकट प्रसंगही नाही. येत्या रविवारी कपाटातील तो जुना करारनामा बाहेर काढावा, पहिल्या पानापासून वाचावा, आणि शेजाऱ्यालाही त्याचा काढायला सांगावा. साखळी जुळवण्याचा आरंभ तेथूनच होतो.